दोन सेकंदांत तीनशे जीबी

संगणक फॉरमॅट करायला दुकानात नेला की तिथला मुलगा स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी एकच प्रश्न विचारतो : ‘बॅकअप घेतलाय ना?’ आपण ‘हो’ म्हणतो आणि तो कामाला लागतो. ३१ जानेवारी २०१७ च्या संध्याकाळी हाच प्रश्न गिटलॅब या कंपनीत कुणालाही विचारला असता, तर ‘हो, पाच प्रकारचे आहेत’ असं उत्तर मिळालं असतं. त्या रात्री काय घडलं, याचा तासातासाचा हिशेब कंपनीने स्वतःच जगापुढे मांडला. खालचा घटनाक्रम त्यावरून लिहिला आहे. वेळा जागतिक प्रमाणवेळेतल्या आहेत, कंसात आपली वेळ. बहुतेक वेळा अंदाजे आहेत, कंपनीनेही त्या तशाच दिल्या होत्या.

गिटलॅब ही प्रोग्राम लिहिणाऱ्यांची सामायिक जागा. कोड तिथे ठेवायचा, सापडलेल्या चुका तिथेच नोंदवायच्या, एकमेकांचं काम तपासून शेरे द्यायचे. कंपनीची माणसं देशोदेशी आपापल्या घरून काम करायची. लोकांचा कोड वेगळ्या फाइल सर्व्हरवर असायचा. पण खाती, प्रकल्पांच्या नोंदी, तक्रारी, शेरे हे सगळं एका पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये होतं, सुमारे ३१० जीबी. तो ज्या मुख्य सर्व्हरवर चालायचा त्याचं नाव डीबी-१. त्याची सतत ताजी होत राहणारी नक्कल डीबी-२ वर. डीबी-१ बंद पडला तर डीबी-२ ने भार उचलायचा, एवढंच त्याचं काम.

संध्याकाळी ५.२० (भारतात रात्री १०.५०) : सहा तास बाकी

डेटाबेसवरचा ताण अनेक सर्व्हरवर वाटता येईल का, हे एका इंजिनिअरला तपासायचं होतं. असले प्रयोग खऱ्या डेटावर करत नाहीत. त्यासाठी ‘स्टेजिंग’ नावाची वेगळी, चाचणीची व्यवस्था असते. तिथे रोज रात्री १ वाजता खऱ्या डेटाबेसची एक प्रत आपोआप उतरायची. पण ताणाची चाचणी नीट व्हायची तर प्रत ताजी हवी, आदल्या रात्रीची नको. म्हणून त्याने हाताने एक स्नॅपशॉट घेतला आणि स्टेजिंगवर चढवला.

या प्रतीला कुणी बॅकअप म्हटलं नाही. ती घेण्यामागे सुरक्षिततेचा विचारही नव्हता. प्रयोग अचूक व्हावा, एवढाच हेतू.

७ वाजता (रात्री १२.३०) : साडेचार तास बाकी

डेटाबेसवरचा भार अचानक वाढला. आठवडाभर असं अधूनमधून होत होतं, पण इतकं नाही. स्पॅम करणारे लोक फुकटच्या नोंदी धडाधड तयार करत होते. एका खात्याचा वापर तर फाइल वाटायचं केंद्र म्हणून चालला होता आणि त्या एकाच खात्यात ४७,००० वेगवेगळ्या इंटरनेट पत्त्यांवरून लॉगिन होत होतं. ते खातं काढून टाकलं.

आणखी एक कारण नंतर उघडकीस आलं. कुणीतरी कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याच्या खात्याविरुद्ध गैरवापराची तक्रार केली होती. ती तपासताना चुकून ते खातं हटवण्याच्या यादीत गेलं. खातं हटवायचं म्हणजे त्या माणसाने लिहिलेला प्रत्येक शेरा, प्रत्येक नोंद शोधून काढायची. जुन्या कर्मचाऱ्याच्या बाबतीत हे काम डोंगराएवढं असतं आणि ते पडद्यामागे गुपचूप चालू होतं.

९ वाजता (रात्री २.३०) : अडीच तास बाकी

डेटाबेसमध्ये नवीन काही लिहिणं अडकू लागलं. शेरे टाकणाऱ्यांचे शेरे जाईनात. टीम स्पॅम आवरण्यात गुंतली.

१० ते ११ (पहाटे ३.३० ते ४.३०) : दीड ते अर्धा तास बाकी

इथे जरा थांबून पाहायला हवं, कारण मोठा अपघात मला इथेच सुरू झालेला दिसतो.

डीबी-१ वर जो बदल होतो त्याची आधी एका नोंदवहीत नोंद होते आणि डीबी-२ ती नोंद वाचून तोच बदल स्वतःत करून घेतो. त्या रात्री बदलांचा ओघ एवढा होता की डीबी-२ जवळपास ४ जीबी मागे पडला. नोंदवहीची जुनी पानं डीबी-१ ठरावीक काळाने काढून टाकतो. डीबी-२ ने वाचायच्या आतच ती गेली. पानं दुसरीकडे साठवून ठेवायची सोय पोस्टग्रेसमध्ये असते, पण गिटलॅबने ती वापरलेली नव्हती. आता डीबी-२ ला गाठून घेणं अशक्य होतं. त्याच्यावरचं सगळं पुसायचं आणि डीबी-१ वरून पूर्ण डेटाबेस नव्याने उतरवायचा, हाच मार्ग उरला.

स्टेजिंगवर काम करणारा तोच इंजिनिअर लॉगआउट करायच्या बेतात होता. रात्र बरीच झाली होती. हा प्रश्न उभा राहिला म्हणून तो थांबला.

डीबी-२ चं डेटा फोल्डर रिकामं करण्यात आलं. यात चूक काहीच नव्हती, पद्धतच ती आहे. पण त्या क्षणापासून लाखो लोकांच्या नोंदींची एकच चालती प्रत जगात उरली होती. दोन सर्व्हरपैकी एक रिकामा झाल्यावर दुसऱ्याला हात लावण्याआधी बाकीचे बॅकअप कुठे आहेत आणि ते उघडतात का, हे बघायची वेळ ती होती. कुणी बघितलं नाही, कारण ते असणारच याबद्दल कुणालाही शंका नव्हती.

मग नव्याने प्रत उतरवणारी कमांड दिली : पीजी-बेसबॅकअप. ती नुसती थांबून राहिली. तपशील दाखव असं सांगूनही पडद्यावर कामाची एक ओळ नाही. दोन-चार प्रयत्नांनंतर कळलं की डीबी-१ कडे नक्कल पाठवायच्या जोडण्या पुरेशा नाहीत. ती मर्यादा ३ वरून ३२ केली. तेवढ्यावर पोस्टग्रेस पुन्हा सुरूच होईना. एकाच वेळी जास्तीत जास्त किती जण जोडले जाऊ शकतात, हा आकडा जवळजवळ वर्षभर ८,००० वर ठेवलेला होता. तो फारच जास्त होता, पण आजवर कधी अडला नव्हता. तो २,००० वर आणल्यावर डेटाबेस सुरू झाला. पीजी-बेसबॅकअप मात्र तसंच गप्प.

ही शांतता बिघाडाची नव्हती. मुख्य सर्व्हर डेटा पाठवायला लागेपर्यंत ही कमांड काहीही न बोलता वाट बघते, हे तिचं नेहमीचं वागणं. टीममधल्या एकाला ते ठाऊक होतं, पण तो त्या वेळी तिथे नव्हता. आणि माहितीपुस्तिकांत ते कुठे स्पष्ट लिहिलेलं नव्हतं.

११.२७ (पहाटे ४.५७)

इंजिनिअरला वाटलं, आधीच्या फसलेल्या प्रयत्नांत डीबी-२ च्या फोल्डरमध्ये काही अर्धवट फाइल्स राहिल्या असतील आणि फोल्डर पूर्ण रिकामं नाही म्हणून कमांड अडून बसली असेल. तर्क चुकीचा होता, पण अवाजवी नव्हता. त्याने फोल्डर पुन्हा एकदा हटवायचं ठरवलं.

टर्मिनलच्या खिडक्या सगळ्या सारख्याच दिसतात. काळा पडदा, सर्व्हरचं नाव, पुढे लुकलुकणारा कर्सर. दोन्ही नावांत फरक एका आकड्याचा. आरएम ही हटवायची कमांड ‘नक्की का?’ असं विचारत नाही आणि तिला कचरापेटीही नसते. त्याने एंटर दाबलं. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं की आपण डीबी-२ वर नाही, डीबी-१ वर आहोत.

त्याने कमांड लगेच तोडली. ३१० जीबीपैकी साधारण ४.५ जीबी शिल्लक होते.

तीनशे जीबी लिहायला तास लागतात, मग जायला दोन सेकंद कसे पुरले? फाइल हटवताना डिस्कवरची अक्षरं कुणी पुसत बसत नाही. फाइलची नोंद काढली जाते आणि ती जागा मोकळी धरली जाते. पोस्टग्रेस आपला डेटा जास्तीत जास्त एकेक जीबीच्या फाइल्समध्ये ठेवतो. म्हणजे शे-पाचशे मोठ्या नोंदी काढल्या की काम संपलं. घरच्या यंत्रावर आख्खं ‘फोटो’ फोल्डर क्षणात नाहीसं होतं, तेही याच कारणाने.

मध्यरात्र (पहाटे ५.३०)

बॅकअपचा शोध सुरू झाला.

दर २४ तासांनी डेटाबेसची संपूर्ण प्रत काढून ती अॅमेझॉनच्या एस-थ्री साठ्यात पाठवायची, ही मुख्य भिस्त. साठा उघडला. तो रिकामा होता. आठवड्यापूर्वीची नाही, महिन्यापूर्वीची नाही, एकही फाइल नाही.

असं का, हे मी जरा सविस्तर सांगतो, कारण आपली सिस्टिम अपग्रेड करणाऱ्या प्रत्येकाशी याचा संबंध आहे. प्रत काढायचं काम पीजी-डंप नावाचा प्रोग्राम करतो. गिटलॅबचा डेटाबेस पोस्टग्रेसच्या ९.६ आवृत्तीवर गेलेला होता. पीजी-डंपची कुठली आवृत्ती वापरायची, हे गिटलॅबचं पॅकेज डेटा फोल्डरमधली आवृत्तीची फाइल वाचून ठरवायचं. पण बॅकअपचं काम चालायचं दुसऱ्याच सर्व्हरवर. तिथे डेटाबेस नव्हता, म्हणून फोल्डर नव्हतं, म्हणून ती फाइलही नव्हती. ती सापडली नाही की पॅकेज आपलं ९.२ हे जुनं पीजी-डंप उचलायचं. जुनं पीजी-डंप नव्या आवृत्तीचा डेटाबेस दिसला की काम नाकारतं आणि चूक दाखवून बाहेर पडतं. डेटाबेस पुढे गेला होता, त्याची प्रत काढणारा मागेच राहिला होता, आणि ठरल्या वेळी तो रोज सुरू होऊन रोज अयशस्वी होत होता.

हे कुणाला कळलं कसं नाही? काम फसलं की मेल जायची सोय होती. मेल जातही होती. पण पाठवणारा खरोखर तोच आहे याची खात्री पटवणारी डीमार्क नावाची व्यवस्था असते आणि या आपोआप जाणाऱ्या मेलवर तिची सही नव्हती. मेल घेणाऱ्या सर्व्हरने त्या परत लावल्या. बॅकअप होत नाहीये असं सांगणारा संदेशही वाटेतच अडत होता. मेल येत नाही म्हणजे सगळं सुरळीत चाललंय, असा अर्थ प्रत्येकाने लावला, आणि त्यांच्या जागी कुणीही तोच लावला असता.

बाकीच्या उपायांची गतही बरी नव्हती. अॅझ्युरवर आख्ख्या डिस्कचे स्नॅपशॉट घेता यायचे, ते फाइल सर्व्हरसाठी चालू होते. डेटाबेसच्या सर्व्हरसाठी नव्हते, कारण तिथे इतर बॅकअप आहेतच असा समज होता. डीबी-२ पुसलेला. स्टेजिंगसाठी रोज १ वाजता होणारी आपोआप प्रत जवळपास चोवीस तास शिळी. पाचपैकी एकही उपाय भरवशाचा नाही किंवा मुळात चालूच नाही, ही कबुली कंपनीच्या नोंदींतच सापडते.

आणि मग संध्याकाळी ५.२० ची ती प्रत आठवली. प्रयोगासाठी घेतलेली, सहा तासांपूर्वीची. काळ आला होता, पण वेळ आली नव्हती. तो प्रयोग दुसऱ्या दिवसावर ढकलला असता, तर सहा तासांऐवजी जवळपास पूर्ण दिवसाच्या नोंदी गेल्या असत्या.

१ फेब्रुवारी, दिवसभर

प्रत स्टेजिंगवर होती आणि स्टेजिंगच्या डिस्क स्वस्तातल्या. त्यांचा वेग सेकंदाला ६० मेगाबिटच्या आसपास बांधलेला. ऐन वेळी वेगवान डिस्कवर जायची सोय नाही. प्रत वाहून न्यायला सुमारे अठरा तास लागले. वाट बघण्याशिवाय दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

याच काळात कंपनीने जे केलं, त्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. चुकून खरा डेटा हटवला गेला, हे त्यांनी ट्विटरवर सरळ सांगितलं. आपल्या कामाच्या नोंदींची फाइल सगळ्यांना वाचायला खुली केली. दुरुस्तीचं यूट्यूबवर थेट प्रक्षेपण केलं, एका वेळी पाचेक हजार लोक ते बघत होते. जगभरचे तंत्रज्ञ त्या इंजिनिअरला धीर देणारे संदेश पाठवत होते, कारण टर्मिनलवर काम करणाऱ्या प्रत्येकाला हे भय ठाऊक असतं.

भारतात ही वेळ पहाटे पाचपासून रात्री पावणेबारापर्यंतची. हिंजवडीत किंवा खराडीत ज्यांचं काम गिटलॅबच्या संकेतस्थळावर चालायचं, त्यांचा आख्खा कामाचा दिवस या बंदमध्ये गेला. कोड मात्र सुरक्षित होता. एक तर तो वेगळ्या सर्व्हरवर होता, आणि गिट ही कोड सांभाळणारी प्रणाली वापरणाऱ्याच्या स्वतःच्या यंत्रावरही प्रकल्पाची सहसा इतिहासासकट पूर्ण प्रत असतेच.

ते अठरा तास सरत असताना आपल्या घरातल्या संगणकाकडे वळतो. त्यानंतर दीड-पावणेदोन वर्षांनी, २ ऑक्टोबर २०१८ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चं मोठं अपडेट दिलं. काही लोकांनी ते घेतलं आणि त्यांच्या डॉक्युमेंट्स, पिक्चर्स या फोल्डरमधल्या फाइल्स नाहीशा झाल्या. या लोकांनी जागा वाचवायला ते फोल्डर सी ड्राइव्हवरून दुसरीकडे वळवले होते, पण काही जुन्या फाइल्स मूळ जागीच राहिल्या होत्या. अपडेटला जुन्या जागचे फोल्डर बिनकामाची दुबार प्रत वाटले आणि त्याने ते आतल्या फाइल्सकट काढून टाकले. चार दिवसांत, ६ ऑक्टोबरला, मायक्रोसॉफ्टने अपडेट थांबवल्याचं जाहीर केलं. ते पुन्हा आलं १३ नोव्हेंबरला. तक्रारींचं प्रमाण एक शतांश टक्का होतं, असं कंपनीने सांगितलं. ज्याच्या घरातले लग्नाचे फोटो त्या शतांशात गेले, त्याला या आकड्याचा काय दिलासा? चाचणीसाठी आधी अपडेट घेतलेल्या काही जणांनी ही तक्रार केलीही होती, पण तिला इतरांची पुरेशी मतं न मिळाल्याने ती ढिगात मागे पडली.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला. त्यामुळे घरोघरी, दवाखान्यांत, सीएच्या ऑफिसात अपग्रेडची कामं निघाली आहेत. विंडोज नव्याने टाकताना एक पडदा येतो : ड्राइव्ह ०, ड्राइव्ह १, त्यांचे भाग आणि पुढे आकार. कुठल्या डिस्कवर मुलांचे फोटो आहेत, हे तिथे लिहिलेलं नसतं. बॅकअपची एक्स्टर्नल डिस्क त्या वेळी केबलला जोडलेलीच असेल, तर ती याच यादीत नुसता एक आकडा होऊन उभी राहते. प्रत पूर्ण झाली की ती डिस्क काढून ठेवा, दुसऱ्या संगणकाला लावा, आणि आतली दोन-चार पत्रं, एखादा व्हिडिओ, टॅलीची फाइल खरोखर उघडून बघा. ‘कॉपी पूर्ण झाली’ या संदेशावर विसंबू नका. गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हला चालू असलेलं सिंक हा बॅकअप मानू नका, कारण एका ठिकाणी हटवलेली फाइल तिथूनही जाते. आणि हे सगळं अपग्रेडचं बटण दाबायच्या आधी करायचं.

संध्याकाळी ५ ते ६.१४ (रात्री १०.३० ते ११.४४)

पाच वाजता डेटाबेस उभा राहिला, आदल्या संध्याकाळच्या ५.२० ला होता तसा. त्यात वेबहुक नव्हते, म्हणजे दुसऱ्या प्रणालींना आपोआप निरोप धाडणाऱ्या जोडण्या. स्टेजिंगवर डेटा चढवताना त्या मुद्दाम काढल्या जातात, नाहीतर चाचणीतले निरोप खऱ्या लोकांना जातील. त्या मूळ स्नॅपशॉटमधून वेगळ्या काढून आणाव्या लागल्या. नोंदींचे क्रमांकही एक लाखाने पुढे सरकवले, म्हणजे हरवलेल्या सहा तासांत एकाला मिळालेला क्रमांक उद्या दुसऱ्याला मिळून घोटाळा होऊ नये. ६.१४ ला संकेतस्थळ पुन्हा सुरू झालं.

गेलं ते गेलं : किमान ५,००० प्रकल्पांच्या नोंदी, ५,००० शेरे आणि सुमारे ७०० नव्या वापरकर्त्यांची खाती.

१० फेब्रुवारीला कंपनीने या प्रकरणाचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. त्यात एका ‘का’च्या पोटातला दुसरा ‘का’ शोधत नेला आहे. संकेतस्थळ इतका वेळ बंद का राहिलं? बॅकअपवरून परत आणता आलं नाही म्हणून. ते का? बॅकअप होतच नव्हते म्हणून. ते वेळीच कळलं का नाही? बॅकअप परत उतरवून बघायची तपासणी कधी नियमित झाली नाही म्हणून. ती का झाली नाही? ते काम कुणा एकाच्या नावावर नव्हतं म्हणून.

त्या इंजिनिअरला नोकरीवरून काढलं नाही. डेटाच्या टिकाऊपणाची जबाबदारी एका माणसाच्या नावावर टाकायची, चोवीस तासांऐवजी दर तासाला स्नॅपशॉट घ्यायचा, बॅकअप खरोखर परत उतरतो का याची आपोआप चाचणी करायची, अशी कामांची यादी ठरली. टर्मिनलमध्ये सर्व्हरचं पूर्ण नाव दिसेल आणि खऱ्या सर्व्हरची ओळ लाल, चाचणीच्या सर्व्हरची पिवळी असेल, हेही त्याच यादीत होतं.